पीएच प्रोब: जेलवाला की भरता येणारा?

कोळंबीच्या तलावाच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा) मोजायला मीटर घेताना मीटरपेक्षा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची कांडी, जास्त विचार करून घ्यावा. आपल्या खाजणातल्या प्रकल्पांवर दोन प्रकार दिसतात: जेल भरून कायमचा बंद केलेला आणि आतलं द्रावण पुन्हा भरता येणारा. दोन्ही वापरून झालेत. नवे असताना दोघांत काही डावं-उजवं नाही. खरा फरक प्रोब जुना झाला की कळतो.

जेलवाला सुटसुटीत. प्लॅस्टिकचं अंग, बांधावर हातातून निसटला तरी बहुतेक वेळा वाचतो, कामावरच्या पोराकडे निर्धास्त द्यावा. पण वर्ष-दीड वर्षानं त्याचं एक दुखणं सुरू होतं आणि मला तेच नकोसं झालं. बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या तपासणीच्या द्रावणात, गुणी: ७ ला ७, १० ला १०. तलावात घातला की आकडा ठरतच नाही. पहाटे ८.१ दाखवतो, मग ८.०, मग ७.९, आणि अजून खाली सरकतोच आहे. माझ्या अनुभवात दोष बहुधा टोकाच्या काचेचा नसतो, तिच्या शेजारच्या बारीक सच्छिद्र जंक्शनचा असतो, जिथे आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याला भिडतं. शेवाळ आणि गाळ बसून ते चोंदतं. कॅलिब्रेशननं, म्हणजे बफरशी आकडा जुळवून घेतल्यानं, ऑफसेट (शून्याची चूक) आणि स्लोप (पीएच एकानं बदलला की मिलिव्होल्ट किती बदलतात) जुळतात, चोंदलेलं जंक्शन मोकळं होत नाही. पहाटे आणि संध्याकाळी पीएचमध्ये ०.५ पेक्षा जास्त फरक पडतोय का, यावर चुन्याचा निर्णय घ्यायचा असतो. तिथे असा आकडा घेऊन करायचं काय?

भरता येणाऱ्याचे लाड पुष्कळ. मोजताना वरचं बूच उघडायचं, आतलं द्रावण बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचं, बुचाभोवती साचलेले पांढरे खडे पुसायचे. काच फुटली तर संपलंच. पण जुनं द्रावण सिरिंजनं ओढून ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलं, की बऱ्याचदा तोच प्रोब पुन्हा पटकन स्थिरावतो. जेलवाल्यात ही सोयच नाही.

बाकी काळजी दोघांची सारखीच. ७ आणि १० च्या बफरमध्ये २५ अंशांना साधारण १७७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. तो १६० च्या खाली आला तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पंधरा मिनिटं ठेवून, धुऊन, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात मुरू द्यावा आणि मग पुन्हा कॅलिब्रेट करावा. तरीही १५० च्या आसपासच राहिला तर नवा घ्यावा. १० चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतं, तेव्हा उघडी बाटली महिनोन्‌महिने पुरवू नये. ठेवताना डिस्टिल्ड वॉटर नको, पोटॅशियम क्लोराइडच हवं. आणि पावसाळ्यात आकडा कशातही ७ च्या आसपासच अडकला तर आधी केबलचा जोड बघा. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेनं तो आतून ओलावतो, आणि तो कोरडा केल्याशिवाय कॅलिब्रेशनला अर्थ नाही.

प्रोब चार जणांच्या हातात फिरणार असेल तर जेलवाला घ्या, त्यात चूक नाही. फक्त दर हंगामाच्या खर्चात एका नव्या प्रोबचे पैसे धरा. रोज एकच माणूस मोजणार असेल तर मी तरी भरता येणाराच घेईन.