घरच्या ड्राइव्हवर डीव्हीडी तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाइट-ऑनचा आयएचएएस१२४ हा डेस्कटॉप ड्राइव्ह आणि नीरो डिस्कस्पीड हा फुकट मिळणारा प्रोग्राम, ही जोडी काही महिने फक्त बर्न केलेल्या डीव्हीडी तपासायला वापरली. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, फोटोंचे बॅकअप, असा सगळा माल. मत एवढंच, की एकाच ड्राइव्हवर एकाच वेगाने घेतलेले स्कॅन (डिस्क वाचताना आलेल्या चुकांचे आलेख) आपापसात ताडून बघायला ही जोडी भरवशाची आहे. एकट्या स्कॅनवरून डिस्क पास की नापास ठरवू नका.

याचं कारण मोजणीतच आहे. डीव्हीडीवरचा डेटा चूक दुरुस्तीसाठी गठ्ठ्यांत बांधलेला असतो; अशा एका गठ्ठ्यात, म्हणजे ईसीसी ब्लॉकमध्ये, २०८ ओळी असतात. ओळीत एक जरी बाइट चुकला तरी ती ओळ पीआयई म्हणून मोजली जाते. सलग ८ ब्लॉकमध्ये अशा ओळी २८० च्या वर जाऊ नयेत, असं मानक सांगतं. पाचापेक्षा जास्त बाइट चुकले की ओळ पहिल्या टप्प्यात दुरुस्त होत नाही, ती पीआयएफ. एका ब्लॉकमध्ये अशा ४ पर्यंत चालतात. मात्र हे आकडे १एक्स (डीव्हीडीच्या मूळ) वेगाचे आणि मोजमापासाठीच बनवलेल्या यंत्राचे. आपण ४एक्स किंवा ८एक्सवर बाजारातल्या ड्राइव्हने मोजतो, त्यामुळे आलेख डिस्कचा तेवढाच ड्राइव्हचाही असतो. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तीच डिस्क घातली की आकडे सहज दुप्पट किंवा निम्मे होतात. म्हणून दुसऱ्याने नेटवर टाकलेल्या आलेखाशी स्वतःचा आलेख जुळवत बसण्यात अर्थ नाही.

प्रोग्राम शेवटी शंभरपैकी गुण देतो, ते सरळ सोडून द्या. ते मुख्यतः पीआयएफच्या सर्वांत उंच टोकावर ठरतात. धुळीच्या एका कणाने आलेखात उडालेला एकच उंच काटा चांगल्या डिस्कचे गुण पाडतो, आणि सगळीकडे सारखी वाढलेली पीआयई बऱ्या गुणांमागे लपून जाते. काटा दिसला की डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची (गोल गोल नाही) आणि पुन्हा स्कॅन करायची. काटा गेला तर धूळ होती. तिथेच राहिला तर ओरखडा किंवा बर्नमधला दोष.

खरं लक्ष शेवटच्या अर्ध्या जीबीवर ठेवा. डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि बहुधा बाहेरच्या कडेकडून बिघडायला लागते. बर्न केल्यावर लगेच ४एक्सवर स्कॅन करायचा. भरलेल्या डिस्कला साधारण पाव तास लागतो. आलेखाच्या चित्राच्या फाइलला डिस्कचा मीडिया कोड (डिस्क कुणी बनवली ते सांगणारा, डिस्कवरच नोंदलेला कोड) आणि तारीख असं नाव द्यायचं. सहा महिन्यांनी तोच ड्राइव्ह, तोच वेग. कडेची पीआयई चढत गेलेली दिसली तर आकडा २८० च्या खाली असला तरी नवी प्रत काढायची वेळ झाली.

जोडीला ट्रान्सफर रेट टेस्ट (डिस्क किती वेगाने वाचली जाते ते दाखवणारी, याच प्रोग्राममधली चाचणी) दुसऱ्या ड्राइव्हवर, पूर्ण वेगाने चालवावी. वाचनाची रेषा न खचता वर गेली तर त्या ड्राइव्हला डिस्क जड जात नाहीये. आकड्यांपेक्षा रोजच्या वापरात हेच जास्त कामाला येतं.

ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये असेल तर आधी केस तपासा: काही केसमधली चिप स्कॅनच्या आज्ञा पुढे जाऊच देत नाही. मग स्कॅन सुरूच होत नाही आणि दोष उगाच डिस्कवर जातो. थेट साटा केबलने मदरबोर्डला जोडणं बरं.