डिप्रेशनचं ब्लड पॅकेज: ३,४९९ रुपयांत काय मिळालं

लॅबचं नाव लिहीत नाही, असलं "मूड प्रोफाइल" आता बऱ्याच ठिकाणी मिळतं. दोन-अडीच महिने झोप नाही, पहाटे साडेतीनला टक्क जाग, कशातच मन लागेना. सायकियाट्रिस्टकडे जायची हिंमत होत नव्हती, म्हणलं आधी रक्त तपासू, रक्त काय कुणाला कळत नाही.

सॅम्पल घ्यायला आलेल्या मुलाचा हात एकदम हलका, एका टोचण्यात काम. पण वेळ दिलेली साडेसातची आणि स्वारी उगवली अकराला, मी उपाशीपोटी चहाकडे बघत बसलेली. ते सोडा, पॅकेजमध्ये कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन होतं आणि ते सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. अकरा वाजता घेतलेल्या रक्ताला सकाळी आठ वाजताची रेंज लावली आणि रिपोर्टवर लाल अक्षरात "लो". झालं, दिवसभर गूगल!

सीआरपी आलं ६. हे शरीरातली आतली सूज मोजतं, आणि मला त्या आठवड्यात सडकून सर्दी होती हे कुणी विचारलंच नाही. यात तथ्य नाही असं नाही हं. हेपटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन हे शरीरात सूज वाढवणारं औषध द्यायचे तेव्हा बऱ्याच पेशंटना त्यानेच डिप्रेशन यायचं, म्हणजे सूज आणि मन यांचा काहीतरी संबंध आहेच. २०१३ मध्ये ६० पेशंटवर इन्फ्लिक्सिमॅब हे सांधेदुखीत वापरतात ते सूज कमी करणारं औषध वापरून पाहिलं, सगळे मिळून बघितलं तर फरक शून्य, पण ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांच्यात थोडा फायदा दिसला. तेव्हा डिप्रेशन असलेल्या काही जणांत सीआरपी वाढलेलं असतं, सगळ्यांत नाही, आणि दाढ दुखली तरी ते वाढतं. एवढ्यावरून "मूड रिस्क: मध्यम" असं रंगीत मीटर छापायचं म्हणजे कमाल आहे.

सगळ्यात राग आला तो सेरोटोनिनचा, म्हणजे मूडशी जोडतात त्या मेंदूतल्या रसायनाचा. माझं आलं नॉर्मल. आईने रिपोर्ट बघितला आणि म्हणाली, "बघ, सगळं ठीक आहे, उगाच डोक्यात घेतेस." आता तिला काय सांगू. सेरोटोनिन बहुतेक आतड्यात बनतं, रक्तात प्लेटलेट्समधून फिरतं आणि तिथून मेंदूत जातच नाही. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं सेरोटोनिन उलट घटतं. मग तो आकडा बघून कुणाला काय कळणार? पण घरात पुढचे पंधरा दिवस तोच आकडा पुरावा म्हणून फिरत होता, दादानेसुद्धा फोनवर तेच ऐकवलं.

शेवटी गेलेच सायकियाट्रिस्टकडे. त्यांनी सहा पानांतून तीनच ओळी बघितल्या: टीएसएच, बी१२, हिमोग्लोबिन. थायरॉइड कमी असेल तर माणूस असाच मलूल होतो, तो नॉर्मल निघाला. बी१२ मात्र १४८, म्हणजे कमी, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही त्यामुळे नवल नाही. त्याची इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाले, हे भरून काढू पण सगळं यावर ढकलू नका. मग एक कागद पुढे केला, पीएचक्यू-९, डिप्रेशनचे नऊ प्रश्न, २७ पैकी मार्क, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे १६. हा कागद फुकट मिळतो, आणि डिप्रेशन अजून असंच विचारूनच ठरवतात, रक्तातून नाही.

ज्या तीन टेस्ट कामाला आल्या त्या सुट्या केल्या असत्या तरी खूप कमी पैसे गेले असते. पॅकेज घेऊ नका, त्या तीन डॉक्टरला विचारून करा.

दोन स्टार देतेय, एक त्या मुलाच्या हलक्या हाताला आणि एक बी१२ ला. परवा लॅबचा मेसेज आला, सेरोटोनिन रिपीट केलं तर वीस टक्के सूट म्हणे. नंबर ब्लॉक केला.