डायना 27, आठ महिने वापरून

मामांची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला निघाली, माळे रिकामे व्हायला लागले आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सतरंजीत गुंडाळलेली एअरगन माझ्या वाट्याला आली. डायना, मॉडेल 27. मागच्या टोकाला बारीक आकड्यांत साल ठोकलंय, 64. "ने बाबा, तुझ्या गाळ्यात राहील," मामा म्हणाले. वागळे इस्टेटमधल्या माझ्या लेथच्या गाळ्यात एअरगनचं काय काम, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण गाळा लांब आहे. सुट्टीच्या दिवशी शटर ओढून घेतलं की दहा मीटरवर कागद लागतो, मागे चिंध्यांचा खोका, त्यामागे जाड प्लेट. पक्ष्याबिक्ष्यावर धरायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

आकडे उरकून टाकतो. गाळ्यातल्या काट्यावर 2.7 किलो, लांबी 105 सेंमी, छर्रा 4.5 मिमीचा. वेग सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपास. हल्ली खोक्यांवर हजार-बाराशे छापलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला ही म्हातारी मला किरकोळच वाटली.

आता मत उलटं झालंय. तिचं रूप त्या कमी ताकदीतच आहे. या जातीच्या बंदुकीत नळी मोडायची, म्हणजे सांध्यावर खाली वाकवायची; नळीच तरफ. ती पिस्टन मागे सारते, स्प्रिंग दबते. चाप दाबला की पिस्टन पुढे झेपावतो आणि कोंडलेली हवा छर्रा हाकलते. वेग वाढवायचा तर स्प्रिंग कडक हवी, सिलिंडर मोठा हवा. मग नळी मोडायला जोर लागतो, म्हणून तिच्या तोंडाशी पकडायला प्लॅस्टिकचं नळकांडं येतं. धक्का वाढतो, म्हणून दस्ता भरीव होतो. एका हट्टापायी सगळं अंग सुजतं. जर्मनीतल्या रास्टाटच्या डायना कारखान्याने 27 मध्ये हा हट्ट केलाच नाही. म्हणून सिलिंडरचा पाइप सडपातळ राहिला, बीच झाडाच्या लाकडाचा दस्ता पकडीपाशी इतका निमुळता राहिला की अंगठा आपोआप वळसा घालतो. नक्षी कुठेच नाही. अठ्ठ्याहत्तरीचे मामा अजून एका हाताने नळी मोडतात.

हौस म्हणून केलेली एकच गोष्ट, पाइपवरचा छाप: शिकारीची देवी डायना धनुष्यबाण टाकून देतेय आणि एअरगन उंच धरून उभी आहे. जाहिरातच ती, पण काय ऐटीत!

लेथवाल्याला खरी भुरळ पडते ती आत. चापाच्या यंत्रणेत पिस्टनचा दांडा अडवायला आकडा नाही, तीन गोळ्या आहेत, बेअरिंगच्या असतात तशा. बाहेरची कडी त्यांना आत दाबून धरते, चाप कडी सरकवतो, गोळ्या बाजूला होतात, दांडा सुटतो. चाप काच तुटावी तसा झटकन सुटतो, ओढाताण नाही. हे मी कौतुकाने बघत असताना तिन्ही गोळ्या टेबलावरून घरंगळल्या. दोन सापडल्या. तिसरी लोखंडी किसाच्या ढिगात गेली आणि मी अर्धा तास चुंबक फिरवत बसलो. उघडणार असाल तर गोळ्यांना आधी ग्रीस चोपडा. आणि स्प्रिंग ताणात बसवलेली असते, क्लॅम्पशिवाय उघडू नका. नळीच्या सांध्याचा बोल्टही असाच विचार करून केलाय: झीज झाली, नळी डुगडुगली की बोल्ट थोडा आवळायचा, शेजारचा बारका स्क्रू त्याला परत फिरू देत नाही. झीज होणारच हे धरून केलेली वस्तू आता फारशी हाताला लागत नाही.

पिस्टनला चामड्याचा वॉशर, सायकलच्या पंपात असतो तसा वाटीसारखा. मामांनी वर्षानुवर्षं शिलाई मशिनचं तेल ओतलं होतं. दाबाच्या उष्णतेने ते आतच पेटायचं, फाडकन आवाज आणि निळा धूर. लहानपणी आम्हाला ती ताकद वाटायची! वॉशर पार जळका निघाला. जांभळी नाक्याजवळच्या चप्पलवाल्याकडून तळव्याचं चामडं आणलं, भिजवून लेथवर केलेल्या साच्यात दाबलं. दुसरा तुकडा जमला.

आता तक्रारी. पिस्टनमुळे बंदुकीची उसळी आधी मागे, मग पुढे, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. घट्ट आवळून धरलीत की नेम भरकटतो. तळहातावर नुसती टेकवावी लागते. यावर जर्मनांनी पुढे उपाय काढले: फाइनवर्कबाउ कंपनीच्या 300 मध्ये बंदुकीचं अंगच रुळावर मागे सरकतं, डायनाच्याच 75 मध्ये उलट दिशेने धावणारा दुसरा पिस्टन आहे. 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफल नेमबाजीत जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचाच. त्या खेळातल्या आजच्या रायफली टाकीतल्या हवेवर चालतात, धक्का जवळपास नाहीच. अचूकतेत त्यांच्यापुढे 27 उभी राहणार नाही. पण दिसायला त्या ऑपरेशनच्या टेबलासारख्या, सगळीकडे खिट्ट्या. माझं आपलं मत.

दुसरी तक्रार पावसाची. जूनपासून बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस उमटतात. दरवेळी तेलाचं फडकं, कंटाळा आला तरी.

मागच्या रविवारी मामा घोडबंदरच्या भाड्याच्या घरातून मुद्दाम आले. चष्मा कपाळावर सारून एकच छर्रा मारला. मी कागद आणायला निघालो, तर म्हणाले, "राहू दे रे. चामडं नीट बसलंय, आवाजावरून कळलं."