सशाला जोडीदार कोणता आणावा: मादी, दुसरा नर, पिल्लू की गिनीपिग?

घरात नर असेल तर मादी आणा, मादी असेल तर नर, आणि नसबंदी दोघांचीही करा. सर्वांत लवकर जमणारी जोडी हीच. दोन शस्त्रक्रियांचा खर्च येतो, पण मादीची नसबंदी तशीही टाळू नये. वय वाढतं तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणाराच डॉक्टर गाठा. आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसरीकडे जा, कारण सशाला उलटी होत नाही आणि रिकाम्या पोटी त्याचं आतडं मंदावतं.

नसबंदीनंतरही नरापासून चार ते सहा आठवडे पिल्लं होऊ शकतात. तोवर दोघांना वेगळं ठेवा. गाभणकाळ जेमतेम 31 दिवसांचा, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

दोन नर लहानपणापासून एकत्र असतील आणि वेळेत नसबंदी झाली तर राहतात. मोठेपणी भेटलेले अनोळखी नर मात्र जननेंद्रियांना चावे घेतात, आणि जमलेली जोडीही घरात मादीचा वास आला की बिनसते. दोन माद्या त्या मानाने बऱ्या, फक्त पिंजऱ्याच्या हक्कावरून भांडतात.

दुकानात मिळणारी पिल्लांची ‘जोडी’ सोपी वाटते, आणि फसगत इथेच जास्त होते. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाचं लिंग ओळखताना चूक सहज होते. शिवाय आज एकमेकांना चिकटून झोपणारी भावंडं साडेतीन-चार महिन्यांची झाली की केस उपटतात. मोठ्या सशासमोर लहान पिल्लू सोडलं तर ते जखमी होण्याची भीती वेगळीच.

गिनीपिग नकोच. सशाची लाथ त्याला झेपत नाही, सशाच्या श्वसनमार्गातले काही जंतू त्याला न्यूमोनिया देतात, आणि त्याला आहारातून क जीवनसत्त्व लागतं, सशाला लागत नाही.

ओळख करून देताना घाई नको. नवा ससा आधी 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, शिंका, पातळ लेंड्या दिसतात का पाहा. मग दोन पिंजरे शेजारी लावा, मध्ये चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर जाळीतून नाक फाटतं. शू-शीचे ट्रे रोज अदलाबदल करा. दोघं जाळीजवळ निवांत पसरू लागले की दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी भेट घालून द्या. बाथरूम चालतं, पण फरशीवर सतरंजी हवी, पाय घसरला की ससा घाबरून हल्ला करतो. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत.

एकमेकांवर चढणं, थोडा पाठलाग हे चालायचंच. तोंडाकडून चढला तर लगेच उतरवा, खालचा ससा चावा घेतो. कान मागे चपटे आणि शेपटी ताठ दिसली की मध्ये केरभरणी सरकवा. हात घालू नका, चावा हाडापर्यंत जातो. घाबरवून जवळ आणण्यासाठी गाडीतून फिरवणं आम्ही सुचवत नाही. ताणामुळे ससा खाणं सोडतो, आणि 12 तास लेंड्या पडल्या नाहीत तर डॉक्टर गाठावाच लागतो.

एकाच ढिगातलं गवत खाणं, एकमेकांचं कपाळ चाटणं, सलग 48 तास भांडण नाही: एवढं दिसलं की पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, सामानाची जागा बदलून दोघांना एकत्र आत सोडा.