जनरेटरची चाचणी: रिकामा चालवायचा की मेन पाडायचा?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत पुढचे अनेक आठवडे लाइट नव्हती. असल्या दिवसांसाठी बंगल्यामागे डिझेल जनरेटर ठेवायचा, भिंतीवर एएमएफ पॅनल लावायचं, म्हणजे लाइट गेली की घराचा लोड आपोआप जनरेटरवर जातो. बसवून देणारा जाताना सांगतो, "महिन्यातून एकदा चालवत जा." पण कसा चालवायचा? तीन पद्धती आहेत आणि प्रत्येकीतून वेगळं काही कळतं.

सर्वांत सोयीची पहिली. पॅनलमधल्या कंट्रोलरला वेळ लावून दिली की दर आठवड्याला इंजिन दहा मिनिटं आपोआप रिकामं, म्हणजे घराचा लोड न घेता, चालतं. घरातली लाइट जात नाही, कुणाचं काम अडत नाही. ऐनवेळी जनरेटर सुरू न होण्यामागे बहुतेकदा बॅटरीच असते, आणि ती मेलेली असेल तर इथे लगेच कळतं. उभ्या इंजिनला चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा 10 च्या खाली जायला लागला, तर पावसाळ्याची वाट न पाहता ती बदलावी. मात्र रिकामं चालणारं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. न जळलेलं डिझेल काजळीत मिसळून सायलेन्सरमध्ये साचतं आणि जोडांतून काळं, तेलकट पाणी गळू लागतं. शिवाय एवढ्या वेळात पॅनलमधला कॉन्टॅक्टर (लोड जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) एकदाही हललेला नसतो.

दुसरी पद्धत कंट्रोलरच्या टेस्ट बटणाची. सेटिंगमध्ये 'लोडसह' निवडलेलं असेल तर इंजिन सुरू होतं, महावितरणकडचा कॉन्टॅक्टर सुटतो, जनरेटरकडचा बसतो आणि घर खरोखर जनरेटरवर येतं. अमेरिकेत इस्पितळांसारख्या ठिकाणच्या जनरेटरसाठी एनएफपीए 110 हे मानक आहे. त्यात दर महिन्याला किमान 30 मिनिटं, क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर चाचणी सांगितली आहे. आपल्या बंगल्याला ते लागू नाही, पण हिशेब घेण्यासारखा आहे. 15 केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण 12 किलोवॅट, त्याचे 30 टक्के 3.6 किलोवॅट. दोन-दोन किलोवॅटचे दोन गिझर आणि फ्रिज चालू ठेवले की झालं. गिझर मध्येच कटऑफ होतात, म्हणून कुणाला तरी आंघोळीला पाठवावं किंवा एसीही लावावा. नुसते दिवे-पंखे लावून घेतलेली चाचणी रिकाम्या चाचणीपेक्षा फार वेगळी नसते.

तरी बटणात एक त्रुटी राहते. लाइट गेली हे पॅनलला स्वतःहून कळतं का, हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण आपणच त्याला सांगितलेलं असतं.

म्हणून माझं मत तिसऱ्या पद्धतीला: पॅनलच्या आधीचा मेन स्विच पाडायचा आणि हात बांधून उभं राहायचं. पॅनल काही सेकंद थांबतं (क्षणभराच्या झटक्याला इंजिन उठू नये म्हणून), मग सेल्फ लागतो, व्होल्टेज 230 आणि फ्रिक्वेन्सी 50 च्या आसपास स्थिरावते आणि कॉन्टॅक्टर 'खट्' करून बसतो. नीट लावलेल्या पॅनलमध्ये हे साधारण पंधरा सेकंदांत व्हायला हवं. अर्ध्या तासाने मेन उचला. घर लगेच परत जात नाही. महावितरणचा पुरवठा टिकतोय ना, हे पॅनल काही मिनिटं पाहतं. लोड परत गेल्यावरही इंजिन थंड व्हायला थोडा वेळ रिकामं फिरतं. बरेच जण डिझेल वाचवायला तेव्हाच हाताने बंद करतात, तसं करू नका.

थ्री-फेज घरात तिसऱ्या पद्धतीला पर्यायच नाही. जनरेटरचा फेजचा क्रम उलटा जोडला गेला असेल तर थ्री-फेज पंप उलटा फिरतो आणि टाकीत पाणी नीट चढत नाही. रिकाम्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही. आपल्याकडे पुष्कळदा पूर्ण लाइट न जाता एकच फेज उडतो. तेव्हाही पॅनलने जनरेटर उठवला पाहिजे. ती तपासणी मात्र लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्यावी, घरच्यांनी पॅनलमध्ये हात घालू नये.

या पद्धतीचा त्रास खराच आहे. मधल्या सेकंदांत कॉम्प्युटर बंद पडतो. घरात कुणी ऑक्सिजन मशीनवर असेल तर आधी सिलिंडरची सोय करावी, नाहीतर चाचणी पुढे ढकलावी.

बारा महिने राहतं घर असेल तर महिन्यातून एकदा मेन पाडा; बॅटरीचा चार्जर ठीक असेल तर आठवड्याची रिकामी फेरी मी बंदच ठेवेन. शनिवार-रविवारचा बंगला असेल तर मागे बघायला कुणी नसतं, तिथे आठवड्याची आपोआप फेरी हवीच, आणि त्यावर दर मुक्कामात एकदा मेन पाडणं. मे संपायच्या आत डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी काढायला विसरू नका, कोकणातल्या दमट हवेत ते साचतंच.

नवा संच घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराला तुमच्यासमोर मेन पाडायला लावा, एक फेज काढूनही दाखवायला सांगा, आणि किती सेकंदांनी लोड आला तो आकडा तारखेसह पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक चाचणीचा आकडा त्याच्याच खाली लिहीत जा.