लिनक्सवर कंपनीचा ग्राफिक्स ड्रायव्हर: आठ महिन्यांनंतर

कार्ड बनवणाऱ्या कंपनीचाच क्लोज्ड-सोर्स (कोड खुला नसलेला) ड्रायव्हर लिनक्सवर वापरतोय, त्याला आठ महिने झाले. चालतो तेव्हा तक्रारीला जागा नाही. दोन मॉनिटर, गेम, व्हिडिओ एडिटिंग, सगळं झकास. फक्त कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की पोटात गोळा येतो.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा एक मॉनिटर बंद, दुसऱ्यावर १०२४ बाय ७६८ ची ढोबळ अक्षरं, आणि साधी विंडो सरकवली तरी प्रोसेसरचा पंखा घोंघावायचा. मला वाटलं कार्ड गेलं. घाबरून कंपनीच्या साइटवरचा इन्स्टॉलर उतरवून चालवला, आणि तिथेच माती खाल्ली. डिस्ट्रोच्या (मी वापरतो त्या लिनक्स प्रकाराच्या) पॅकेजमधला ड्रायव्हर आधीच होता. दोघांच्या फाइली एकमेकांत मिसळल्या, त्या निस्तरण्यात अख्खा रविवार गेला आणि मूळ बिघाड होता तिथेच.

शेवटी ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या) मेनूतून सहज जुना कर्नल निवडला, तर सगळं पूर्ववत! म्हणजे कार्ड धडधाकट होतं. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे दर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) पुन्हा कंपाइल व्हावं लागतं. ते काम डीकेएमएस नावाचं टूल करतं, पण त्याला नेमके त्याच आवृत्तीचे कर्नल हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) लागतात. माझ्याकडे ते नव्हते. एक पॅकेज टाकलं, काम झालं.

दुसऱ्या खेपेला मॉड्यूल बनलं, पण लोड होईना. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू होतं आणि सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नव्हता. त्यासाठी स्वतःची सहीची की नोंदवायची, पासवर्ड ठरवायचा, आणि रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो तिथे पक्कं करायचं. तो स्क्रीन दहाच सेकंद थांबतो. मी तेवढ्यात उठून गेलो होतो. सगळं पहिल्यापासून.

आता आधी 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही कमांड चालवून कार्डापुढे कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते बघतो. तिथे काहीच नसेल तर मॉड्यूल लोड झालेलं नाही. ओपनजीएल (ग्राफिक्स काढायची प्रणाली) च्या माहितीत रेंडररच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं, तर कार्ड नुसतं बसलंय आणि चित्रं प्रोसेसर काढतोय. स्क्रीन पूर्ण काळा असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल मिळतं का बघायचं. 'नोमोडसेट' (nomodeset, कर्नलला ग्राफिक्स मोड लावू न देणारा बूट पर्याय) हा सल्ला जो तो देतो, पण ती कुबडी आहे. ती काढायला विसरून मी दोन आठवडे 'लिनक्स किती मंद' म्हणत फिरत होतो.

स्लीपमधून उठल्यावर विंडोंवर रंगीत कचरा दिसायचा, कारण व्हिडिओ मेमरीतलं सगळं जपलं जात नव्हतं. सेटिंग बदलल्यावर ते बरंच कमी झालं, पूर्ण नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढचं कार्ड मात्र, ज्याचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामध्येच (लिनक्सच्या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीत) आहे, तसलंच घेणार. तोवर एक जुना कर्नल मशीनवर ठेवलाय, आणि साफसफाई करताना त्याला हात लावत नाही.