गेरुडो, सुमेरू की कोननची वाळू: कुठल्या वाळवंटात उतरायचं?

मे महिन्यात आमच्या वाडीवरच्या सड्यावर सकाळी नऊनंतर अनवाणी कोणी पाऊल ठेवत नाही. तापलेल्या कातळाचा चटका टाचेला बसतो आणि थेट डोक्यात जातो. आजी आम्हाला उजाडायच्या आत कळश्या देऊन झऱ्यावर पिटाळायची. भरली कळशी घेऊन परतताना ऊन अंगावर घ्यायचं नाही, हा घरचा नियम. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातली ही गोष्ट. एवढा पाऊस कातळावरून वाहत समुद्राला मिळतो आणि शिमगा उलटला की विहिरी तळ दाखवायला लागतात.

हे आठवलं ते चुलतबहिणीच्या फोनमुळे. ती चिपळूणला नोकरी करते, संध्याकाळी दोन तास गेम खेळते. म्हणाली, "दादा, मला वाळवंटातलं काहीतरी हवंय. पण नुसती पिवळी वाळू नको, खरोखर जीव घेणारा प्रदेश हवा. तीन नावं काढलीत, एकच घेणार आहे. कुठलं घेऊ?"

तिची तीन नावं अशी: 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधलं गेरुडो वाळवंट, 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधलं सुमेरूचं वाळवंट आणि 'कोनन एक्झाइल्स'. तिन्हीकडे मी बराच काळ घालवलाय. फोनवर जे तुटक सांगितलं ते इथे नीट मांडतो, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कोणाला ठरवायचं असेल तर उपयोग होईल.

माझी कसोटी सड्यावरचीच आहे. वाळवंट तुम्हाला उंबऱ्याबाहेर पडण्याआधी थांबवतं का? पाणी किती, सावली कुठे, परत कधी, हा हिशेब करायला लावतं का? राक्षस काय, गुहेतही असतात आणि रानातही. ऊन हाच जिथे पहिला वैरी असतो, त्याला मी वाळवंट म्हणतो.

या कसोटीला गेरुडो सगळ्यात सुंदर उतरतं. हा गेम ३ मार्च २०१७ला आला आणि अजून त्या वाळूची सर दुसऱ्या कशाला आलेली मला तरी दिसली नाही. वाळवंटाच्या तोंडाशी, गेरुडो कॅनियनच्या तबेल्यापर्यंत तुमचा घोडा येतो. पुढे वाळूत तो चालत नाही, तिथेच सोडावा लागतो. इथेच पहिला धक्का बसतो, कारण तोवर त्या घोड्याची सवय झालेली असते. मग तुम्ही पायी निघता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या तापमापकाचा काटा लाल पट्ट्यात सरकतो आणि काही न घडता, कोणी न मारता, जीव एकेक करून कमी होऊ लागतो.

रात्र झाली की सुटलो असं वाटतं, पण तीच वाळू आता गारठवते. दिवसा उष्मा सोसणारे कपडे, रात्री उबदार कपडे, किंवा दोन्ही वेळांसाठी वेगवेगळे पदार्थ रांधून बरोबर घ्यायचे. हायड्रोमेलन नावाचं वाळवंटी कलिंगड शिजवून खाल्लं की काही मिनिटं ऊन बाधत नाही. मिरची घातलेल्या जेवणाने थंडी आवरते. सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो: ज्वाळेची तलवार नुसती पाठीला लावली तरी ऊब मिळते आणि बर्फाची लावली तर उन्हात गारवा. कुठलंही पुस्तक हे आधी सांगत नाही. खेळणाऱ्याला एखाद्या रात्री आपोआप कळतं आणि मग त्या प्रदेशाची खोडी सापडल्यासारखं होतं.

एक काम तर मी तीनदा केलं, हौसेने. उत्तरेच्या बर्फघरातून बर्फाची लादी उचलायची आणि ठरल्या जागी पोचवायची. उन्हात ठेवली की ती वितळते, डोळ्यांदेखत लहान होत जाते. म्हणून पडक्या भिंतींच्या, खांबांच्या सावलीसावलीतून जायचं. मध्ये एखादा सरडा-राक्षस आडवा आला की लादी आधी सावलीत ठेवायची, मग लढायचं. बंदरावर होड्या लागायच्या वेळी बर्फ उतरवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ही घाई ओळखीची वाटेल. भुशात दडपलेली लादी उघडी पडली की तिथल्या माणसांच्या हालचालीत जो वेग येतो, तोच माझ्या बोटांत आला होता.

गेरुडो नगरीत पुरुषाला प्रवेश नाही. नायक लिंकला स्त्रीवेष करून आत जावं लागतं आणि तो वेष उन्हापासूनही वाचवतो. आत गेल्यावर वर बघा. नगरीच्या माथ्यावरून निघालेलं पाणी भिंतींवरच्या पन्हळींतून गावभर फिरवलंय. आमच्याकडे पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी वळवतात, अगदी त्या मायेने. वाळवंटात गाव वसतं ते पाण्याच्या जोरावर, हे कोणा पात्राच्या तोंडून सांगितलेलं नाही. ते नुसतं डोक्यावरून वाहतं.

नगरीबाहेर वाळूखाली मोल्डुगा नावाचं अजस्र जनावर फिरतं. पावलांच्या कंपनाने त्याला तुमचा पत्ता लागतो. खडकावर चढून नि:शब्द उभं राहिलात तर ते भटकत राहतं, वाळूत उतरलात की झेपावतं. बॉम्ब फेकला तर तो शिकार समजून गिळतं, मग मारायची संधी. आणि वादळाच्या पट्ट्यात शिरलात की नकाशा बंद. एका ठिकाणी दगडी स्त्री-योद्ध्यांचे पुतळे एकामागून एक उभे आहेत आणि त्यांच्या तलवारींच्या टोकांवरून दिशा धरायची. धुकटलेल्या वाळूत पुढचा पुतळा दिसेपर्यंत जो जीव टांगणीला लागतो, त्यासाठी मी हा गेम कोणालाही द्यायला तयार आहे.

याच वाळवंटाची दुसरी अवस्था १२ मे २०२३ला आलेल्या 'टीअर्स ऑफ द किंगडम'मध्ये आहे. तिथे वाळूच्या दाट लोटाने नगरी गिळलीय आणि लोक जमिनीखालच्या आसऱ्यात लपलेत. गिब्डो नावाची वाळकी भुतं आग किंवा वीज लावल्याशिवाय धड जखमी होत नाहीत. जास्त भयाण आहे, पण आधी पहिला खेळावा. भरलेलं गाव पाहिलं असेल तरच ते ओस पडलेलं बघवत नाही.

कोननचं वाळवंट वेगळ्याच जातीचं. ८ मे २०१८ला हा गेम पूर्ण स्वरूपात बाजारात आला. सुरुवातीला तुम्ही वधस्तंभाला बांधलेले असता. सुटका होते आणि तुम्ही उघडेवाघडे, रिकाम्या हातांनी वाळूत उभे. तहान आणि भूक, दोन्ही सतत उतरत असतात. इथे तहानेचा हिशेब आकड्यात दिसतो. म्हणून पहिला तास एकाच गोष्टीत जातो: उत्तरेला नदी गाठणे. नदीत मगरी आहेत हे पाणी पिताना कळतं. मग जनावर मारून कातडं मिळवायचं आणि पखाल करायची. पखाल! हा शब्द आजीच्या तोंडी होता, त्यानंतर मला तो या गेमने परत दिला. पखाल भरून निघालात की मोकळेपणाने फिरता येतं, पण ती अर्धी झाली की मान आपोआप नदीकडे वळते.

वाळूचं वादळ येतं तेव्हा आडोसा नाही किंवा वादळात घालायचा मुखवटा नाही, तर मरण ठरलेलं. मेलात की सामान प्रेतापाशी राहतं, तुम्ही पुन्हा नागडे. अंथरूण टाकून ठाणं केलं असेल तर तिथे उठता. माझं पहिलं घर वादळ दिसल्यावर बांधलेलं होतं, अर्धवट छपराचं. तो धडा पक्का बसला. एकट्याने खेळताना तहान-भुकेचा वेग सेटिंगमध्ये कमीजास्त करता येतो. सुरुवातीला तो आहे तसाच ठेवा, मजा त्यातच आहे.

मग पहिली पसंती हा का नाही? कारण वाळवंट इथे फक्त दक्षिणेचा भाग आहे आणि हातात साधनं आली की त्याचा धाक ओसरतो. दहा-बारा तासांनी तुम्ही विहीर बांधता आणि पुढे सगळा खेळ बांधकामाचा आणि माणसं धरून राबवण्याचा होतो. तो भाग मला रुचला नाही. रक्त, नग्नता, गुलामी उघड दाखवलीय. हा प्रौढांसाठीचा गेम आहे. घरात पोरं टीव्हीपुढे बसत असतील तर हा त्या खोलीत लावू नका, हे मी मनापासून सांगतो.

आता सुमेरू. सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झालेल्या या गेममध्ये वाळवंट आलं ते २८ सप्टेंबर २०२२ला आणि पुढे २०२३मध्ये दोनदा वाढलं. तिघांत आकाराने आणि गोष्टीने हेच भरलेलं. पण बहिणीला स्पष्ट सांगितलं: इथे ऊन बाधत नाही. भर दुपारी कितीही वेळ वाळूत उभे राहा, काही होत नाही. याच गेममध्ये ड्रॅगनस्पाइन नावाचा बर्फाळ डोंगर आहे आणि तिथे थंडी जीव घेते. म्हणजे बनवणाऱ्यांना ते जमत होतं. वाळवंटात त्यांनी ते ठेवलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तरी ते टाकाऊ नाही. सुमेरूचं अर्धं अंग दाट पावसाळी रान, अर्धं वाळवंट आणि मध्ये उंच भिंत. आपल्याला हे समजवावं लागत नाही. आंबोलीत छत्री उलटवणारा पाऊस आणि पूर्वेला थोडं उतरून गेलात की कोरडी हवा, उघडी माळरानं. सह्याद्री हीच आपली भिंत. नावंही कानाला परकी नाहीत: सुमेरू आपल्या पुराणातलं, रानातल्या एका मोठ्या कथेचं नाव आरण्यक. वाळवंटाच्या राजाचं नाव मात्र देश्रेत. प्राचीन इजिप्तमध्ये या शब्दाचा अर्थ लाल भूमी, म्हणजे वाळवंट.

या वाळवंटाचा खरा जीव जमिनीखाली आहे. देश्रेतच्या थडग्यांत, दालनांखालच्या दालनांत तुम्ही उतरत जाता. एक दगडी पाटी बरोबर असते, तिचे अधिकार वाढत गेले की नवी दारं उघडतात. गेलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या खुणा वाचायची ओढ इथे लागते. राजापूरकडच्या सड्यावर कातळशिल्पं पाहताना मला अशीच ओढ लागते. कशेळीचा हत्ती पाहिलात का? एका आकृतीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत आणि कोणी, कशासाठी, याचं नक्की उत्तर हाती येत नाही. २०२२मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुमेरूच्या भुयारांत फिरताना तो कातळ मला सारखा आठवला. जेह्त नावाच्या वाळवंटी मुलीची कथा तर शेवटपर्यंत जाऊन बघाच. तिच्यावर काय बेततं ते सांगत नाही.

अडचण एवढीच की भुयारांत वाट हरवते. मी खेळलो तेव्हा वरचा नकाशा खालच्या दालनांचा उलगडा करत नव्हता आणि अर्धा तास एकाच खांबाभोवती जायचा.

आता घरच्या बाजूने. सुमेरू फुकट आहे, फोनवर चालतं, पण सतत नेट लागतं आणि दर सहा आठवड्यांनी नवं अपडेट उतरवावं लागतं. नवी पात्रं मिळवण्यासाठी सोडतीवर पैसे लावायचा मोह होतो. वाळवंट बघायला त्याची गरज नाही, तिथे हात आवरा. कोननला दणकट कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स हवं. गेरुडोला स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र.

आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की लाईट जाते आणि नेटही बसतं. स्विच तेव्हा हातात घेऊन खेळता येतो. हा गेम जुन्या मॉडेलवर सुमारे ३ तास चालतो, २०१९च्या सुधारित मॉडेलवर सुमारे साडेपाच. सेकंडहॅंड घेणार असाल तर सुधारितच बघा आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही छोट्या काठ्या सगळ्या दिशांना फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका दुकानातून न बघता उचलला आणि डावी काठी आपोआप सरकत होती. खडकावर स्तब्ध उभा असलेला लिंक मोल्डुगासमोर स्वतःहून चालत वाळूत उतरला. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, दुरुस्ती माझ्या खिशातून झाली. आणि खारा दमट वारा यंत्राला खातो. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा.

बहिणीकडे चांगला कॉम्प्युटर नाही, म्हणजे कोनन तसाही बाजूला पडला. पैसे जमेपर्यंत फोनवर सुमेरू सुरू कर, जेह्तची कथा पुरी कर, असं मी म्हटलं. पण घ्यायचं ते गेरुडो. पहिल्यांदा निघताना तबेल्यावर पेटलेली चूल असते, तिथे गारव्याचे आणि उबेचे पदार्थ वेगवेगळे रांधून घे, घोडा सोड आणि सूर्य कलल्यावर चालायला लाग. वाटेवरच्या कारा कारा बाजाराचं, म्हणजे तिथल्या हिरवळीचं पाणी उजवी-डावीकडे न भटकता सरळ गेलीस तर रात्र गोठायच्या आत दिसतं.

"म्हणजे उतरल्या उन्हाला निघायचं," ती म्हणाली. "आजी पाठवायची उजाडायच्या आत, एवढाच फरक."